उजेड नेमका कुठं कमी पडला?

महाराष्ट्रातल्या माणसाला धुकं म्हटलं की माथेरान आठवतं, महाबळेश्वर आठवतं, पावसाळ्यातला खंडाळ्याचा घाट आठवतो. धुकं म्हणजे सहल, कांदाभजी आणि वाफाळता चहा. दिल्लीकडे राहायला आलं की हा गोड समज पहिल्याच हिवाळ्यात मोडतो. इथं डिसेंबरचा उत्तरार्ध आला की धुकं बघायला कुठं जावं लागत नाही, तेच दाराशी येऊन बसतं आणि जानेवारी संपेपर्यंत हलायचं नाव घेत नाही. गाड्या तासन् तास उशिरा येतात, विमानं खोळंबतात आणि सकाळी रस्त्यावर निघालेल्या माणसाच्या घरचे लोक तो पोचल्याचा फोन येईपर्यंत जीव मुठीत धरून बसतात.

हवामान खात्याच्या हिशेबात २०० मीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की ते दाट धुकं आणि ५० मीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की अतिदाट. ऐकायला ५० मीटर पुष्कळ वाटतात. पण ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर पुढं जाते. म्हणजे ५० मीटर संपायला तीन सेकंद. तेवढ्यात समोर काही आहे हे दिसायचं, ते काय आहे हे कळायचं आणि पाय ब्रेकवर पडून गाडी थांबायची! म्हणूनच हिवाळ्यात यमुना एक्स्प्रेसवेवर वेगाची मर्यादा खाली आणतात. अशा वेळी गाडीचा दिवा ही शोभेची वस्तू राहत नाही.

आम्ही नोएडात राहतो. यमुना ओलांडली की दिल्ली. आमच्याकडे एक व्हॅन आहे. व्हॅन हा दिल्ली परिसराचा जुना सोबती. १९८३ च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती बाहेर पडली आणि पुढच्याच वर्षी मारुतीची व्हॅन आली. १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळालं आणि २०१९ पर्यंत ती बनत राहिली. दूधवाला, केटरिंगवाला, शाळेच्या मुलांची ने-आण करणारा, सगळ्यांना तिनं पोसलं. आमची व्हॅन तिच्या धाकट्या बहिणीसारखी, २०१२ साली घेतलेली. इंजिन पुढच्या सीटखाली, दिसायला चौकोनी डब्यासारखी, पण पोटात जागा भरपूर.

आणि दिल्लीतल्या मराठी घराला ही जागा लागतेच. तिकडे पुण्या-नागपूरला असतो तोवर आपल्याला इतके नातेवाईक आहेत हे ठाऊक नसतं. दिल्लीत घर केलं की ते कळतं! कुणी एम्समध्ये दाखवायला येतं, कुणाच्या मुलाची यूपीएससीची मुलाखत असते, कुणाला आग्रा-मथुरा करून पुढं हरिद्वारला जायचं असतं. गणपतीच्या दिवसांत पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनाकडे निघालं की शेजारच्या दोन घरची माणसंही आपल्याच गाडीत. या सगळ्यांना स्टेशनवरून आणणं आणि पोचवणं हे आमच्याकडे यांचं काम. केंद्र सरकारच्या एका कचेरीतून हे २०१६ मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतर तर व्हॅन हीच त्यांची कचेरी झाली. "रिक्षानं का येता? मी येतो ना घ्यायला," हे वाक्य फोनवर म्हणताना यांचा आवाज कसा ताठ होतो, ते मला दुसऱ्या खोलीतूनही कळतं.

तर २०२३ च्या दिवाळीपासून यांची एक तक्रार सुरू झाली. "व्हॅनचे दिवे मंद झालेत."

गाडी जुनी. दिवे मंद होऊ शकतात. यांनी पहिला संशय घेतला तो बाहेरच्या आवरणावर. हल्लीच्या गाड्यांच्या दिव्यांना काच नसते, पारदर्शक प्लॅस्टिक असतं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते पिवळट आणि धुरकट होतं. त्यावर घरगुती उपाय म्हणजे टूथपेस्ट. एका सकाळी आमच्या घरातली अख्खी ट्यूब व्हॅनच्या तोंडाला फासली गेली आणि आम्ही सगळ्यांनी मिठानं दात घासले. आवरण बऱ्यापैकी उजळलं, हे खरं. पण यांचं समाधान झालं नाही. मग बॅटरीवर संशय. ती तपासून आणली, ठीक होती. मग वायरिंगवर संशय. एका गॅरेजवाल्यानं दोन मिनिटं पाहिल्यासारखं केलं आणि सांगितलं, "पूरी असेंबली बदलनी पड़ेगी, दोनों साइड की." आकडा ऐकून आम्ही घरी आलो.

डिसेंबरात एका संध्याकाळी आमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं हात करून व्हॅन थांबवली. म्हणाला, "अंकल जी, आपकी गाड़ी कानी हो गई है." उजव्या बाजूचा दिवा पूर्ण विझलेला होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळांच्या ती लक्षात येत नाही. एक दिवा गेला म्हणजे उजेड निम्मा झाला, एवढंच आपण समजतो. पण दिवा फक्त आपल्याला दिसावं म्हणून नसतो, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणूनही असतो. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. म्हणजे उजवा दिवा रस्त्याच्या मधल्या अंगाला, समोरून येणाऱ्याच्या जवळ. तोच विझला तर समोरच्याला डाव्या कडेला एकच दिवा दिसतो. त्याला वाटतं, कुणी मोटारसायकलवाला कडेकडेनं येतो आहे. तो निर्धास्तपणे मधे सरकतो आणि तिथं, अंधारात, आपली अख्खी व्हॅन असते.

चार दिवसांनी नणंदबाई पुण्याहून गोवा एक्स्प्रेसनं येणार होत्या. ती हजरत निजामुद्दीनला सकाळी पोचते आणि धुक्याच्या दिवसांत कधी पोचेल ते तिचं तिलाच ठाऊक नसतं. त्यांना आणायला जायचं तर अंधारातच निघायला हवं. यांनी जाहीर केलं, "बल्ब मी घरीच बदलणार. तीस वर्षं बदलतो आहे."

शनिवारी आम्ही दोघं मेट्रोनं काश्मीरी गेटला गेलो. तिथल्या मोटारीच्या सुट्या भागांच्या बाजारात ज्यानं पाऊल टाकलं आहे त्याला मी काय सांगते ते कळेल. गल्ल्याच गल्ल्या, आणि दुकानात मोटारीचा कुठलाही अवयव. डोळ्यांपुढं बंपर लटकताहेत, पायाखाली आरसे. दुकानदारानं जुना बल्ब पाहिला आणि त्याच जातीचे तीन प्रकार समोर मांडले. पहिला साधा, ६०/५५ वॅटचा, कंपनीतून गाडीला येतो तसा. दुसरा १००/९० वॅटचा. तिसरा एलईडीचा, पांढराशुभ्र. "साहब, ये लगाओ, दिन जैसा उजाला," असं म्हणत त्यानं तिसरा दुकानातच पेटवून दाखवला. मी डोळ्यांवर हात धरला. हे मात्र खूश. इतके दिवस ज्याच्या शोधात होते ते मिळालं, असा चेहरा.

मी बारीक सारीक गोष्टी विचारत बसते, अशी माझी ख्याती आहे. त्या दुकानदाराला आणि मग घरी आल्यावर लेकीला विचारून मी जे समजून घेतलं ते असं. या बल्बमध्ये दोन तारा असतात. एक लांबच्या झोताची, तिला सगळे अप्पर म्हणतात. दुसरी खाली झुकलेल्या झोताची, ती डिपर. ६० वॅट अप्परचे, ५५ डिपरचे. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी बसवलेली असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे दिव्याच्या आतल्या आरशाच्या फक्त वरच्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर उतरतो. समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. केवढासा पत्रा, पण सगळी रस्त्यावरची सभ्यता त्या पत्र्यावर तोललेली! तार आणि आरसा यांची जागा मिलिमीटरच्या हिशेबानं ठरलेली असते. त्या जागी भलताच एलईडी खुपसला की प्रकाश सैरावैरा उधळतो. रस्ता कमी उजळतो आणि समोरचा माणूस जास्त आंधळा होतो. १००/९० चा बल्ब तर वायरींतून जादा वीज ओढतो. तेवढ्या विजेसाठी त्या वायरी केलेल्या नसतात, होल्डर तापून वितळतो. शिवाय कायद्यालाही हे मंजूर नाही.

पूर्वीच्या मोटारींच्या दिव्यांवर वरच्या बाजूला काळा ठिपका किंवा काळा पट्टा रंगवलेला असे, आठवतो? आम्ही लहानपणी त्याला दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट समजायचो. ती तीट समोरच्याच्या डोळ्यांसाठी होती. झोत त्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

मी यांना म्हटलं, "अहो, तुम्हीच रोज घरी येऊन सांगता ना, समोरच्यांच्या दिव्यांनी काही दिसेनासं होतं म्हणून? ते सगळे याच दुकानातून आले असतील." हे काही बोलले नाहीत. पण पैसे साध्या बल्बचे दिले. दोन घेतले. एकच गेला असला तरी दोन्ही बरोबर बदलावेत, कारण दोघांचं आयुष्य सारखंच झालेलं असतं. एक गेला की दुसराही वाटेवर असतो, आणि एक नवा एक जुना ठेवला तर उजेडही तिरळा पडतो.

रविवारी दुपारी इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम झाला. घरी करून बघणाऱ्यांसाठी तो सविस्तर सांगते. काम अवघड नाही. धीर मात्र हवा.

आधी गाडी बंद, किल्ली बाहेर आणि दिवे लावलेले असतील तर ते पूर्ण निवेपर्यंत थांबायचं. पेटता बल्ब चांगलाच तापतो, हात भाजतो. मग फ्यूज बघायचा. त्याहून सोपी युक्ती म्हणजे चालू बाजूचा बल्ब काढून बंद बाजूला लावून पाहायचा. पेटला तर दोष बल्बचा, नाही पेटला तर वायरीचा किंवा फ्यूजचा. एवढ्यानं आमची ती दोन्ही बाजूंची असेंबली वाचली!

दिव्याच्या मागे हात घातला की तीन पायांचा होल्डर लागतो. तो सरळ मागे ओढायचा, वायरींना धरून नव्हे, होल्डरलाच धरून. त्याखाली रबराची टोपी असते, पाणी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. ती कडेनं सोलून काढायची. मग येते तारेची स्प्रिंग. ती आत दाबून थोडी बाजूला सरकवली की मोकळी होते आणि बल्ब हातात येतो.

नवा बल्ब धातूच्या चकतीला धरूनच उचलायचा. काचेला बोट लावायचं नाही. याला कारण आहे. हा बल्ब हॅलोजनचा. आतली टंगस्टनची तार तापली की तिचे कण उडतात. साध्या बल्बमध्ये ते काचेवर बसून काच काळी होते. इथं आतला हॅलोजन वायू त्या कणांना धरून पुन्हा तारेवर आणून सोडतो. पण हे घडायला काच अतिशय तापलेली असावी लागते, म्हणून बल्ब एवढासा आणि काच खास उष्णता सोसणारी. आपल्या बोटाचं तेल त्या काचेवर राहिलं तर तेवढाच भाग वेगळा तापतो आणि काच लवकर दगा देते. चुकून बोट लागलंच तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून, कोरडं करून मगच बसवायचं. चकतीला तीन कान असतात. ते मुद्दाम असे केलेले असतात की बल्ब एकाच पद्धतीनं नीट बसावा. जबरदस्ती करायची नाही. बसला की स्प्रिंग, मग टोपी, मग होल्डर. टोपीची कड सगळीकडून नीट दाबायची, नाहीतर पहिल्याच पावसात आत घाम धरतो.

हे सगळं यांना तोंडपाठ. स्टुलावर बसून हे लेकीला आणि मला एकेक पायरी सांगत होते आणि हात मात्र स्वतःचे घालत होते. डाव्या बाजूचा जुना बल्ब निघाला. पण नवा बसवताना स्प्रिंग काही खाचेत जाईना. एकदा, दोनदा, पाचदा. "इथं उजेड नाही," हे म्हणाले. लेकीनं मोबाइलची बॅटरी धरली. "अगं, सरळ माझ्या डोळ्यांत मारू नकोस!" तिनं बाजूनं धरली. "आता दिसत नाही." तीस वर्षं बल्ब बदललेला माणूस त्या स्प्रिंगपुढं घामाघूम झाला होता. शेवटी लेक हळूच म्हणाली, "बाबा, मला शिकवा ना, मी करते." ती यांच्या जागी बसली, आत न बघता नुसत्या बोटांनी चाचपडली आणि टक् आवाज झाला. दुसऱ्या बाजूचं कामही तिनंच केलं. हे स्टुलावर बसून तिचं कौतुक करत होते. पण जरा जास्तच करत होते.

संध्याकाळी अंधार पडल्यावर व्हॅन समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली. बल्ब बदलल्यावर हे जरूर करावं. दोन्ही झोत सारख्या उंचीवर पडतात का, डिपर लावल्यावर खाली उतरतात का, हे भिंतीवर लगेच कळतं. आमचे दोन्ही झोत अगदी जुळ्यांसारखे पडले. लेकीनं टाळी वाजवली. खालच्या मजल्यावरचे सरदारजीही बघायला आले होते, तेही "वाह, बेटा" म्हणाले.

हे भिंतीकडे बघत होते. "हं. बरे आहेत. पण अजून मंदच वाटतात."

कुणी काही बोललं नाही. मग लेकीनं विचारलं, "बाबा, एक डोळा झाकून बघा बरं." यांनी उजवा झाकला, भिंतीकडे पाहिलं. मग डावा झाकला. आणि डावा झाकूनच बराच वेळ उभे राहिले. तेवढ्यात फाटकातून एक गाडी दिवे लावून आत आली. यांनी झटकन मान वळवली. लेकीनं विचारलं, "काय दिसलं?" हे म्हणाले, "दिव्याभोवती झालर दिसते. मोठी. गणपतीच्या मागच्या प्रभावळीसारखी. मला वाटलं सगळ्यांनाच दिसते."

मंडळी, आवरण पुसून झालं होतं, बॅटरी तपासून झाली होती, दोन्ही बल्ब बदलून झाले होते. गाडीत संशय घ्यायला आता काही उरलं नव्हतं.

त्या रात्री आमच्या घरी जे झालं ते लिहिणं थोडं जड जातं. पण तेच तर सांगायचं आहे. निजामुद्दीनला कोण जाणार हा प्रश्न होता. लेक म्हणाली, "मी चालवते, बाबा, तुम्ही शेजारी बसा." हे म्हणाले, "ताई माझी आहे. तिला घ्यायला मी जाणार." मी सांगितलं, "जा ना. पण सुकाणू लेकीच्या हाती." यावर यांनी जेवण अर्धवट टाकलं. गाडी चालवणं सोडणं म्हणजे पुरुषाला काय वाटतं, हे त्या अर्ध्या ताटावरून मला कळलं. नोकरी सुटली तेव्हा असं झालं नव्हतं. निवृत्तीची तारीख आधीपासून ठरलेली असते, सत्कार होतो, शाल मिळते. पण ज्या दिवशी घरातले लोक म्हणतात, "आता रात्रीची गाडी तुम्ही चालवू नका," त्या दिवसाला ना तारीख असते ना शाल.

म्हणून तर कुणी म्हणत नाही. किती घरांत हेच चालतं, बघा. वडिलांना कमी दिसतं हे सगळ्यांना जाणवतं. सून म्हणते, मी कशी सांगू. मुलगा म्हणतो, त्यांना वाईट वाटेल. आणि त्यांचं त्यांना कळू लागलं तरी ते दिव्यांना, रस्त्याला, धुक्याला, समोरच्या ट्रकवाल्याला बोल लावतात. गाडीत दोष आहे हे सांगताना माणसाला कमीपणा वाटत नाही, आपल्यात आहे हे सांगताना वाटतो. मग कुणी आणखी प्रखर बल्ब बसवतं. त्याला दिसू लागतं की नाही कुणास ठाऊक, पण समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. तोही कदाचित कुणाचा तरी वडीलच असतो, तसेच डोळे घेऊन घरी निघालेला.

नणंदबाईंची गाडी अर्थातच उशिरा आली. लेकीनं व्हॅन चालवली, हे शेजारी बसले. मधल्या रस्त्यावर धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत. लेकीचा हात सवयीनं अप्परकडे गेला. हे लगेच म्हणाले, "नको. डिपरच ठेव." धुक्यात लांबचा झोत लावला की पाण्याच्या कणांवर आपटून तो आपल्याच डोळ्यांवर परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. खाली झुकलेला झोत रस्त्याची पट्टी तरी दाखवतो. "हळू. डावीकडची पट्टी धर. ब्रेक एकदम नको," असं करत हे तिला घेऊन गेले आणि परत घेऊन आले. घरी आल्यावर लेक मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, बाबा नसते तर मी आश्रम चौकातूनच परत फिरले असते." मी ते मुद्दाम यांच्यापर्यंत पोचवलं.

जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं ते यांना लगेच पटलं, कारण ते व्हॅनच्या त्या पिवळट आवरणासारखंच होतं. डोळ्यातलं भिंग वयानं धुरकट होतं. उजेड सरळ आत जाण्याऐवजी विखुरतो. म्हणून दिवसा फारसं कळत नाही, पण रात्री समोरचा दिवा फुटल्यासारखा पसरतो, भोवती वलय दिसतं, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो आणि हळूहळू सगळे रंग पिवळट दिसू लागतात. हे इतकं सावकाश होतं की ज्याचं होतं त्याला पत्ता लागत नाही. त्याला वाटतं, जगातलाच उजेड कमी झाला. "टूथपेस्ट चालेल का?" असं यांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरबाईंना हसू आवरेना आणि मला यांचा राग निवळल्याचं कळलं.

आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं पहिल्या क्रमांकाचं कारण मोतीबिंदूच निघालं. आणि यावर इलाज आहे. धुरकट भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी पाठवतात. पूर्वीसारखं मोतीबिंदू 'पिकायची' वाट बघत बसायला नको. यांचा उजवा डोळा २०२४ च्या फेब्रुवारीत झाला, डावा मार्चमध्ये. उजव्याची पट्टी निघाल्यावर घरी येऊन यांनी पहिलं काय केलं असेल? एकेक डोळा झाकून आमच्या दिवाणखान्याची भिंत बघितली. "अगं, ही पांढरी आहे! मी इतके दिवस हिला साय रंगाची समजत होतो."

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हे पुन्हा व्हॅन चालवू लागले. संध्याकाळीही चालवतात. दाट धुक्यात मात्र सुकाणू लेकीकडे आणि शेजारची जागा यांची. हा करार कुणी लिहून घेतलेला नाही, पण पाळला जातो.

पंचावन्न ओलांडल्यावर वाहन परवान्याचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होतं आणि चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो. यांचं २०२१ मध्ये झालं होतं, तेव्हा डोळे उत्तम होते. कागदावरची पाच वर्षं संपायला अजून अवकाश होता, डोळ्यांनी मधेच साथ सोडली. तेव्हा कागदाच्या तारखेवर विसंबण्यात अर्थ नाही.

आपण दसऱ्याला गाडी धुतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. दसरा येतो तो नेमका धुक्याच्या दोन-अडीच महिने आधी. आमच्याकडे आता हार घालण्यापूर्वी एक काम असतं. एकानं आत बसून अप्पर, डिपर, ब्रेक, इंडिकेटर एकेक लावायचा आणि दुसऱ्यानं बाहेर उभं राहून 'आहे', 'आहे' असं ओरडायचं. पाच मिनिटं लागतात. मग गाडीसमोर सगळे उभे राहतात आणि चाळिशीपुढचा प्रत्येक जण एकेक डोळा झाकून समोरच्या इमारतीवरचा क्रमांक वाचतो. यंदा माझी पाळी आली तेव्हा डाव्या डोळ्याला शेवटचा आकडा तीन की आठ ते कळेना. यांनी माझ्याआधीच डॉक्टरबाईंना फोन लावला. बरोबर येतो म्हणाले, व्हॅननं.